ज्याचा हात, त्याचा दांडा

बहात्तरच्या दुष्काळाच्या मागंपुढं जन्मलेल्या आम्हा भावंडांना घरातली हत्यारं माणसांच्या नावानं ओळखायची सवय आहे. थोरल्या मायचं खुरपं, दादांची कुऱ्हाड, धाकट्या काकांचं खोरं, आत्याचा इळा. कुणी "कुऱ्हाड आण" म्हटलं की आम्ही विचारायचो, "कुणाची?" पाती एकाच लोहाराच्या हातची, एकाच वजनाची असली तरी दांडे निराळे असायचे, कारण ते धरणारे हात निराळे होते. युसूफ वडगावात, केज तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानावर ज्यांचं लहानपण गेलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ही ओळख पटेल. आता आम्ही भावंडं पुण्या-लातुराला पांगलो आहोत, तरी दसऱ्याला गावी जमलो की बोलणं फिरून त्या हत्यारांवरच येतं. एकाला एक आठवतं, दुसरा त्यात भर घालतो. इथं लिहितोय ते असं सगळ्यांचं मिळून आहे.

घर माळवदाचं. ढाळजेत शिरलं की उजव्या कोपऱ्यात पहार, टिकाव, कुदळ आणि खोरी भिंतीला टेकून उभी. खुरपी आणि इळे गोठ्याच्या वळचणीला खोचलेले. कुऱ्हाड मात्र दाराआड, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. हत्यारांचे नियम कुणी बसवून शिकवले नाहीत, पण सगळ्यांना ठाऊक होते. रानातून आल्यावर मातीनं भरलेलं खोरं तसंच ठेवायचं नाही. हत्यार ओलांडायचं नाही. दुसऱ्याच्या हाती देताना दांडा त्याच्याकडं करायचा. आणि दांडा हलायला लागला की त्या दिवशी त्या हत्याराला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम दादा फार कडक पाळायचे. ढिल्या दांड्याची कुऱ्हाड निसटली तर कुठं जाईल याचा नेम नसतो.

दुरुस्तीचं खरं काम निघायचं उन्हाळ्यात. रब्बीची सुगी उरकलेली, मृगाला अजून वेळ, आणि गोठ्याच्या सावलीत बसायला माणसांना सवड. पण सवड हे त्यातलं एकच कारण. दुसरं कारण लाकडाचं होतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात लाकूड पुरतं वाळून आकसतं. त्या वेळी घट्ट बसवलेला दांडा पावसाळ्याची हवा लागली की फुगतो आणि नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, आणखी आवळून बसतो. पावसाळ्यात बसवलेला दांडा उलट वागतो. बसवताना घट्ट वाटतो आणि फाल्गुनापासून खडखडायला लागतो. म्हणून वर्षाचे सगळे दांडे वैशाखातच. मधेच कधी दांडा ढिला झाला आणि काम अडलं, तर खोरं रात्रभर हौदात बुडवून ठेवायचा उपाय होता. सकाळी ते दगडासारखं घट्ट असायचं. पण दादा म्हणायचे, "आजच्यापुरतं हाय हे." उन्हात लाकूड वाळलं की पहिल्यापेक्षा जास्त ढिलं व्हायचं. ओल्या लाकडाच्या तंतूंना लोखंड चेपून ठेवतं आणि ते तंतू वाळल्यावर पुन्हा मूळ जाडीला येत नाहीत.

लाकूड कोणतं घ्यायचं यावर घरातल्या मोठ्यांचं एकमत होतं. आमच्याकडं बांधाबांधावर गावरान बाभूळ, आणि औतापासून खुरप्याच्या मुठीपर्यंत सगळ्याला तीच. जड, चिवट, पटकन न चिरणारी. हलक्या हत्याराला बोरीचं लाकूड चालायचं. बालाघाटाच्या डोंगराकडून कुणी धावड्याचा दांडा आणून दिला तर तो कुऱ्हाडीसाठी राखून ठेवायचा, कारण धावडा लवतो पण मोडत नाही. निंब कुणी घ्यायचं नाही. तो किडीला चांगला, पण घावाला कच्चा. पुढं बांधावर सुबाभूळ आली. ती सरळ वाढते म्हणून पोरं दांड्याला तोडायची, आणि दोन पावसाळ्यांत ती आतून पोकळ व्हायची.

फांदी तोडायची ती पानझडीनंतर, अंधाऱ्या पाखात. अंधाऱ्या पाखात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही असं आबा सांगायचे. पाखाचं काय ते आबांनाच ठाऊक, पण पानझडीनंतर लाकडात रस कमी असतो आणि भुंगा त्यातल्या पिठुळ गोडव्यालाच येतो, इतकं मात्र पुढं शेतकीच्या पुस्तकातही वाचायला मिळालं. तोडलेली फांदी सालीसकट गोठ्याच्या माळ्यावर वर्षभर पडून राहायची. टोकांना शेण लिंपलेलं असायचं, म्हणजे ओल दोन्ही तोंडांनी एकदम उडून चीर पडत नाही.

कुऱ्हाडीचा दांडा घालायचं काम आम्ही दादांच्या शेजारी बसून पुष्कळदा पाहिलं. आधी मोडक्या दांड्याचा बुंधा नेढ्यातून काढायचा. तो फुगून असा बसलेला असायचा की ठोकून निघत नसे. मग दादा कुऱ्हाडीचं पातं ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरायचे, नेढं तेवढं वर ठेवायचे आणि त्यावर गोवऱ्यांचा विस्तव घालायचे. आतलं लाकूड जळून जायचं आणि पात्याला आंच लागायची नाही. पात्याला आंच लागली तर धारेचं पाणी उतरतं, आणि पाणी उतरलेली कुऱ्हाड दगडावर कितीही घासली तरी धार धरत नाही.

मग माप. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत कुऱ्हाडीचा दांडा. खोऱ्याचा दांडा उभ्या माणसाच्या बेंबीपर्यंत. हे माप ज्याचं त्याचं, त्याला उभं करून घेतलेलं. वाकसानं तासताना दादा रेषा बघायचे. लाकडाची रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेली पाहिजे. मधेच ती बाहेर निसटली तर दांडा नेमका तिथंच मोडणार. जाडी दोन्ही बाजूंनी सारखी ठेवायची नाही. गोल दांडा हातात फिरतो, म्हणून तो थोडा चपटा, अंड्याच्या आकाराचा, म्हणजे डोळे मिटून धरला तरी धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळतं. शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून गुळगुळीत करायचा. आमचं पोरांचं काम तेवढंच, काचेनं खरवडायचं आणि कुठं कूस लागते का ते तळवा फिरवून सांगायचं.

बसवताना नेढ्यात जाणाऱ्या टोकाला मधोमध करवतीची चीर. दांडा उभा धरून बुंध्याकडून खाली दगडावर आपटायचा. दर आपटीला लोखंड आपल्या वजनानं खाली सरकत जातं. वरून ठोकण्यापेक्षा हे बरं, कारण लाकूड ठेचत नाही. मग चिरेत चिंचेच्या वाळक्या लाकडाची पाचर. सगळं झाल्यावर दांड्याला करडईचं तेल. आमच्या भागात करडई घरचीच, घाण्यावरून काढून आणलेलं तेल घरात असायचंच. ते लाकडात मुरतं आणि हळूहळू आळतं, चिकट राहत नाही. टिकावाला पाचर लागत नाही. त्याचं नेढं खाली निमुळतं असतं, दांडा वरून घालतात आणि त्याचं जाड डोकं वर अडकतं. प्रत्येक घावानं टिकाव आणखी घट्ट होतो. हे ज्यानं पहिल्यांदा ताडलं असेल त्याच्याबद्दल दादा फार आदरानं बोलायचे.

दांडा घरी व्हायचा, पण पात्याचं काम लोहाराचं. लोहारसाळ कायम अंधारी. लहानपणी वाटायचं की धुरानं काळी झाली असेल. पण अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग भर उन्हात दिसत नाही. झिजून बोथट झालेला टिकाव लोहार, आमचे मिस्त्री, भट्टीत लाल करायचे आणि ऐरणीवर ठोकून त्याचं टोक पुन्हा ओढायचे. याला आमच्याकडं शेवटणं म्हणतात. शेवटलेल्या टोकाला मग पाणी द्यायचं. पुन्हा तापवून फक्त टोकाचं बोटभर लोखंड पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून पटकन घासून चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या अंगात राहिलेली आंच टोकाकडं सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात, आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. इळ्याला पिवळा रंग धारेशी आला की मिस्त्री सगळं पातं पाण्यात घालायचे. टिकावाला ते निळ्यापर्यंत थांबायचे. पिवळ्यावर थांबलेलं लोखंड कडक असतं, धार धरतं, पण दगडावर आपटलं तर त्याचा टवका उडतो. निळ्यावर थांबलेलं चिवट असतं. हे सगळं दोन-चार श्वासांत घडायचं आणि मिस्त्री तेवढा वेळ कुणाशी बोलायचे नाहीत.

जुन्या काळी या कामाचे पैसे नव्हते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गाव-गाडा' या पुस्तकात बलुत्याची जी घडी सविस्तर नोंदवली, ती आमच्या आबांनी निजामाच्या राज्यात स्वतः अनुभवलेली होती. सुतार-लोहारानं वर्षभर औतं आणि हत्यारं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला धान्याचा वाटा न्यायचा. त्या व्यवस्थेत कुणाचा मान मोठा आणि कुणाचा लहान हे जन्मावर ठरलेलं होतं. कारागिराला खळ्यावर ताटकळत उभं राहावं लागायचं, दुष्काळी वर्षी त्याचाच वाटा आधी कापला जायचा. ती व्यवस्था गेली हे चांगलं झालं. पण एक गोष्ट तिच्याबरोबर जायला नको होती. लोहाराला आणि सुताराला गावातल्या प्रत्येक घरातला प्रत्येक हात माहीत होता.

वर्षातून एखाद्या वेळी घिसाड्यांची बिऱ्हाडं गावाबाहेर उतरायची. गाड्यातच संसार, झाडाखाली भाता आणि ऐरण. पुरुष सांडशीनं लोखंड धरायचा आणि बाई घण घालायची. दोघांचे घाव एका तालात पडायचे. मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून ते खुरपी, इळे आणि कोयते घडवायचे. ते पोलाद फार उत्तम, लवचीक आणि धार धरणारं. आत्याचा इळा अशाच एका पाट्याचा होता आणि तो अजून आहे.

1972 चा दुष्काळ आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकूनच जाणला, पण तो हत्यारांच्या अंगावर दिसायचा. मराठवाड्यात तेव्हा लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन घरचे सगळे, बायाही, माती वाहत होते. त्या कामांतूनच रोजगार हमी योजनेला बळ आलं आणि 1977 मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. मोठे सांगायचे की मुरमाच्या रानात टिकाव दोन-तीन दिवसांत बोथट व्हायचा. बोथट टिकावानं माती कमी निघते, माती कमी निघाली की मोजमाप कमी भरतं आणि हजेरी कमी पडते. म्हणजे टोक शेवटलेलं असणं हा घरातल्या भाकरीचा प्रश्न होता. त्या वर्षी घरचा टिकाव इतक्यांदा शेवटला गेला की त्याचं एक टोक दुसऱ्याच्या निम्म्यावर आलं. तो तसाच, आखूड टोकाचा, आमच्या ढाळजेत आम्ही पाहत मोठे झालो. नवा आणला तरी आबांनी तो मोडीत दिला नाही. "ह्यानं आपल्याला जगवलंय," एवढंच ते म्हणायचे.

बायांच्या हत्यारांबद्दल मात्र घरात कमी बोललं जायचं, आणि आज आम्हा भावंडांना ते सर्वांत जास्त सलतं. कुऱ्हाड वर्षातून काही दिवस चालायची. खुरपं आषाढापासून कार्तिकापर्यंत रोज चालायचं, उकिडवं बसून, दिवसभर. पण खुरप्याला नवी मूठ हवी असली तर पुरुषांच्या हातची कामं उरकेपर्यंत थांबावं लागायचं. बऱ्याचदा थोरली माय स्वतःच ती बसवायची. वीतभर बाभळीचा तुकडा, त्याला आधी शेंबी, म्हणजे जुन्या लोखंडी नळीचं कापलेलं कडं, मूठ चिरू नये म्हणून. मग सामत्यानं पाडलेलं बारीक भोक. खुरप्याच्या पात्याला ओलं फडकं गुंडाळून मागची टोकदार शेपटी चुलीत लाल करायची आणि भोकात दाबायची. चर्र आवाज, धूर, बाभळीच्या जळक्या सालीचा वास. बाहेर काढायची, पुन्हा तापवायची, पुन्हा दाबायची. शेपटी लाकडात आपली जागा स्वतः जाळून घेते, म्हणून ती कुठंच पोकळ राहत नाही. शेवटी मूठ वर धरून तिच्या डोक्यावर दगडाचे दोन ठोके. ती मूठ वर्षानुवर्षं हलत नाही.

थोरली माय डावरी होती. खुरप्याचं पातं एका अंगाला वळलेलं असतं आणि ते उजव्या हातासाठी वळवलेलं असतं. डाव्या हातानं ते धरलं तर मनगट सारखं उलटं मुरडावं लागतं. सासरी आल्यावर कित्येक वर्षं तिनं तसंच काम केलं, कारण सुनेनं हत्याराबद्दल बोलायचं नसतं. मग एका उन्हाळ्यात ती स्वतः लोहारसाळेत गेली आणि मिस्त्रींना म्हणाली, "मला डाव्या अंगाचं करून द्या." त्यांनी काही न विचारता तिचा हात बघितला आणि पातं दुसऱ्या अंगाला वळवून दिलं. ते खुरपं घरात दुसऱ्या कुणालाच चालत नसे. ती गेल्यावर ते वळचणीलाच राहिलं. आता आमच्या धाकट्या भावाची मुलगी डावरी आहे. परसात भाजीच्या वाफ्यात ती तेच वापरते, आणि ते तिच्या हाती कुणी दिलं नाही, चार खुरपी धरून बघितल्यावर तिनंच ते निवडलं.

बीड जिल्ह्याच्या आठवणीत हत्यारांची गोष्ट ऊसतोडीच्या कोयत्याशिवाय पुरी होत नाही. दसरा झाला की आमच्या भागातली बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मांडली जाते. गावातून निघण्याआधी कोयते पाजवायला लोहारसाळेत रीघ लागायची. कोयत्याची मूठ आखूड, आणि उसाचा रस हाताला लागून ती घसरते, म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली. फडात रोज पहाटे कानशीनं धार लावायची. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपून, माणसं परत यायची तेव्हा कोयत्याचं रुंद पातं पार अरुंद झालेलं असायचं. एका हंगामात पोलाद इतकं झिजतं, मग ते धरणाऱ्या हाताचं काय होत असेल, याचा विचार आमच्यातल्या ज्यांनी तो परत आलेला कोयता हातात घेतला त्यांना टाळता आला नाही.

नव्वदीनंतर चित्र पालटलं. तणनाशक आलं आणि खुरपणीचे दिवस कमी झाले. ट्रॅक्टर आणि जेसीबी आले. सोयाबीन काढायला दातेरी इळे आले, हलके आणि कामाला चांगले, बायांच्या मनगटाला त्यांनी खरंच आराम दिला. त्यांना दगडावर धार लावता येत नाही, दाते झिजले की नवा घ्यायचा. यातल्या पुष्कळ गोष्टींनी पाठीचे कष्ट वाचवले आणि त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण दांड्याच्या जागी नळी वेल्ड करून बसवण्याची जी पद्धत सगळीकडं पडली, तिनं माणसाचं भलं केलं नाही. नळी मोडत नाही हे खरं. पण ती घावाचा हादरा पुरता मनगटात आणि खांद्यात सोडते. लाकूड तो हादरा आपल्यात जिरवतं. वैशाखाच्या उन्हात नळी धरवत नाही. वेल्डिंगच्या आंचेनं नेढ्याजवळचं पोलाद मऊ पडतं. आणि नळीचं माप दुकानात ठरतं, त्यासाठी धरणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

2016 साली शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात हा फरक अनेकांनी अंगावर अनुभवला. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं ते पहिलं वर्ष होतं आणि वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे पहिले तीन तालुके होते. एप्रिल-मेच्या उन्हात गावंच्या गावं टिकाव, खोरं आणि टोपलं घेऊन चर खणायला उतरली. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेली पाती लोकांनी खाली काढली. श्रमदानाला आलेल्या आमच्या भाच्यांच्या हाताला नळीच्या दांड्यांनी फोड आले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी बाभळीचे जुने दांडे त्यांच्या हाती दिले. ज्या कामाला कुणी विचारत नव्हतं ते एका उन्हाळ्यात पुन्हा गरजेचं झालं, आणि ते येणारी माणसं किती कमी उरली आहेत हेही तेव्हाच कळलं.

म्हणून हे लिहायचं. आपल्यापैकी पुष्कळांच्या गावच्या घरी बिनदांड्याची पाती पडलेली आहेत. भंगारवाला ती किलोवर नेतो. त्यातलं पोलाद अजून उत्तम आहे, वरचा गंज निघून जातो, लोहार शोधला तर अजून सापडतो. या वैशाखात एक पातं काढा, वाळलेलं बाभळीचं लाकूड मिळवा आणि दांडा घाला. तासायच्या आधी ज्याच्या किंवा जिच्या हाती ते जाणार आहे त्या माणसाला समोर बोलवा, उभं करा, हात बघा, डावा की उजवा ते विचारा. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीनं एकमेकांवरची माया फारशी बोलून दाखवली नाही, पण दांडा तासताना ते एकमेकांच्या शरीराची दखल घेत होते. त्यात बायांचा नंबर शेवटी लागायचा. ही उणीव भरून काढणं आपल्या हातात आहे. आमच्या घरात यंदा असं ठरलं आहे की वाकस आणि कानस पोरींनाही शिकवायची आणि सुरुवात खुरप्यांपासून करायची. दादांची कुऱ्हाड थांबेल.